निघणाऱ्याला तबक, राहणाऱ्याला कुकर

वसई-विरार पट्ट्यात ‘आमचे हे परराष्ट्र खात्यात आहेत’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधी आदर येतो आणि त्याच्या मागोमाग एक पुतण्या येतो. पुतण्याला कॅनडाला जायचं असतं. पुतण्या नसेल तर भाची असते, आणि भाचीही नसेल तर ‘शेजारच्यांचा मुलगा आहे, पण अगदी घरच्यासारखा’. आपली वकिलात कॅनडाचा व्हिसा देत नाही, ती परदेशी माणसांना भारतात यायचा व्हिसा देते, हे मी पारनाक्यावर, होळीच्या बाजारात, निर्मळच्या जत्रेत आणि एकदा तर जीवदानीच्या पायऱ्या चढताना धापा टाकत समजावून सांगितलं आहे. उपयोग शून्य. भारतात यायचा व्हिसा वसईत कुणाला हवाय? आलेल्यांनाच पाणी कुठून द्यायचं हा इथला प्रश्न आहे.

दुसरा गैरसमज हुद्द्याचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत होते, हे लोकांनी पेपरात वाचलेलं असतं. त्यामुळे परराष्ट्र खात्यातला प्रत्येक मराठी माणूस झेंडा लावलेल्या गाडीतूनच भाजी आणायला जातो, अशी समजूत आहे. आमचे हे प्रशासन विभागात. झेंड्याच्या गाडीच्या पेट्रोलची बिलं यांच्या टेबलावरून जातात, एवढाच यांचा त्या गाडीशी संबंध. राजनैतिक अधिकाऱ्यांचा पासपोर्ट मरून रंगाचा असतो, सरकारी कामावर जाणाऱ्या इतरांचा पांढरा आणि सर्वसामान्य जनतेचा निळा. आमचा पांढरा बघून वाडीतल्या एका काकूंनी काळजीने विचारलं, ‘अगं, खिशात राहून धुतला गेला की काय?’

एका बाबतीत मात्र आमची आणि राजदूतांची पंगत एकच. तीन वर्षं झाली की उठायचं. हवा किंवा परिस्थिती अवघड असलेल्या ठिकाणी त्याहून लवकर. मग पुढचा देश, पुढचे पडदे, आणि पुढची मैत्रीण. पडदे एक वेळ जुने चालतात.

विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात चढलेली बाई बसलेलीला पहिला प्रश्न विचारते, ‘कुठे उतरणार?’ त्यात तिच्या प्रवासाबद्दल आस्था नसते, सीटबद्दल असते. ‘अंधेरी’ ऐकलं की चेहरा खुलतो, ‘भाईंदर’ ऐकलं की ती पुढच्या बाईकडे वळते. वकिलातीच्या वसाहतीत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, ‘तुमचं किती राहिलं?’ नवी आलेली बाई तुमच्या हातचा चहा पिता पिता हे विचारते तेव्हा तिची नजर तुमच्या दक्षिणेकडच्या खिडकीवर, मिक्सरवर आणि फ्रीजच्या आकारावर फिरत असते. तुम्ही ‘येत्या जूनमध्ये’ म्हणालात की ती लगेच दुसरा कप घेते. मी सुरुवातीला दुखावले जायचे. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर उभं राहून नोकरी केलेल्या बाईने दुखावलं जायचं काही कारण नव्हतं.

एवढ्या घाईत मैत्री कशी होते, असं वसईला विचारतात. घाईतच होते. आमच्या वाडीत लग्न होऊन आलेल्या सुनेला कुणाचं कुणाशी बोलणं नाही आणि ते कोणत्या विहिरीवरून बंद झालं, हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. वसाहतीत तेवढा वेळ कुणाकडे आहे? पहिल्या दिवशी चहा, तिसऱ्या दिवशी सासूचा इतिहास, आठव्या दिवशी एकमेकींच्या घराच्या किल्ल्या.

मॉस्कोतली माझी शेजारीण त्रिशूरची. भारताबाहेर केंद्रीय विद्यालयं आहेत तीनच, काठमांडूला, तेहरानला आणि मॉस्कोला. तिचा मुलगा आणि माझी मुलगी मॉस्कोच्या शाळेत एकाच वर्गात. मुलं आत गेली की बर्फात पाय आपटत आम्ही दोघी बोलत उभ्या. तिची हिंदी मल्याळममधून निघालेली आणि माझी वसईच्या मराठीतून. वाटेत कुठेतरी दोघींची गाठ पडे. ती हिंदी आमच्या नवऱ्यांनाही कळत नसे, त्यामुळे बोलायला पूर्ण मोकळीक होती. पण खरी मैत्री जुळली ती नारळ, मासे आणि बाटली मसाला यांवर.

बाटली मसाला ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. वसईच्या ख्रिस्ती घरांत एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवतात, मग पंचवीसेक जिन्नस भाजून, कांडून बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि मसाला वर्षभर टिकतो. आमच्या बांधापलीकडची मावशी दर खेपेला मला दोन बाटल्या देते. एकदा एका परक्या विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने त्यातली एक उचलून दिव्यासमोर धरली. बाहेर बियरचं लेबल, आत लाल भुकटी. दोहोंपैकी कोणत्या गुन्ह्यासाठी आम्हाला धरावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने बूच काढून हुंगलं. पुढची दहा मिनिटं तो शिंकत होता आणि त्याचा साहेब आम्हाला हातानेच ‘जा, जा’ म्हणत होता. त्या बाटलीतला अर्धा मसाला त्रिशूरच्या मीन करीत गेला आणि आमचं नातं पक्कं झालं.

मग मे महिना येतो. बदल्यांचे हुकूम निघतात ते साधारण शाळांच्या वर्षाकडे बघून, त्यामुळे जगभरच्या वकिलातींत निरोपांचा हंगाम एकदमच उसळतो. राजनैतिक जगाने या निरोपाची अगदी चोख व्यवस्था लावून ठेवली आहे. जाणाऱ्याने ओळखीच्यांकडे आपलं कार्ड पाठवायचं आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पी. पी. सी. अशी तीन अक्षरं लिहायची. मूळ फ्रेंच, मतलब असा की निरोप घ्यायला आलो होतो. संपलं. रडणं नाही, ‘थांब गं, जेवून जा’ नाही. राजदूत निघाला की बाकीच्या देशांचे राजदूत वर्गणी काढून त्याला नावं कोरलेलं चांदीचं तबक देतात. आमच्या पातळीपर्यंत येता येता तबकाचं भिंतीवरचं घड्याळ होतं.

भाषणंही ठरलेली. वकिलातीतून परराष्ट्र मंत्रालयाला जाणारं पत्र आदर सादर करून सुरू होतं आणि सर्वोच्च आदराची पुन्हा ग्वाही देण्याची संधी साधून संपतं. मधे मजकूर निषेधाचा असला तरी. वर्षानुवर्षं अशी पत्रं टाइप होताना बघून आमच्या ह्यांच्या तोंडात तीच भाषा बसली आहे. त्रिशूरच्या शेजाऱ्यांच्या निरोपाच्या जेवणात हे उभे राहिले आणि उभय कुटुंबांमधल्या सौहार्दपूर्ण संबंधांबद्दल असं काही बोलले की बिचाऱ्या शेजाऱ्यांना आपल्या हातून काही आगळीक झाली की काय, असं वाटलं.

पण हा झाला ठरलेल्या तारखेचा निरोप. दुसरा एक प्रकार आहे, त्यात कार्डावर पेन्सिलीने लिहायलाही वेळ मिळत नाही. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं नववं कलम सांगतं की यजमान देश कुठल्याही राजनैतिक अधिकाऱ्याला, कारण न देता, नकोसा ठरवू शकतो. दोन देशांचं बिनसलं की वर्तमानपत्रात ‘इतक्या अधिकाऱ्यांची हकालपट्टी’ असा मथळा येतो. त्या आकड्यात बायका-मुलं धरलेली नसतात, सायकली आणि मांजरं तर नाहीतच. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला एका तिसऱ्याच देशाच्या वकिलातीतला मुलगा यायचा होता. शनिवारी तो आला नाही. शुक्रवारीच ते कुटुंब विमानात बसलं होतं. त्याच्या वाटच्या केकचं काय करायचं, यावर पोरांत बराच खल झाला. शेवटी तो त्याच्या जिवलग मित्राने खायचा असं ठरलं. आता जिवलग मित्र कोण, यावरून मारामारी झाली.

त्रिशूरची निघाली तेव्हा वाटणी शांतपणे झाली. मला पाच लिटरचा कुकर, इडलीपात्र, बर्फातले बूट आणि एक मोठा स्टीलचा टोप मिळाला. टोपावर मराठीत कोरलेलं होतं, ‘कै.’ आणि पुढे घासून अर्धवट पुसलेलं एका आजींचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’. त्रिशूरच्या घरात मराठी आजी कशा आल्या? तिला तो आंध्रच्या एका कुटुंबाने दिला होता, त्यांना बिहारच्या, आणि त्यांच्या मागचा माग लागत नव्हता. आजी कुठल्या, कोणाच्या, वसाहतीत कुणालाच ठाऊक नाही. पण २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर वसाहतीचा उपमा त्याच टोपात व्हायचा. सख्ख्या नातवंडांनीही आजींच्या नावाने इतकी पानं वाढली नसतील.

माणसं जातात आणि भांडी राहतात, हे वसईला कुणी शिकवायला नको. मागे सामान ठेवून निघालेल्या परदेशी कुटुंबांचा सगळ्यात मोठा निरोपसमारंभ झाला तो आमच्याच किल्ल्यात, मे १७३९ मध्ये. पाहा, महिना तोच, बदल्यांचा. चिमाजी अप्पांच्या वेढ्यापुढे पोर्तुगिजांनी हात टेकले आणि त्यांना आठवडाभराची मुदत मिळाली. बायकामुलं आणि नेण्याजोगं सामान घेऊन जायला परवानगी, सैनिकांनी निशाणं फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडायला परवानगी. महिनोन्‌महिने एकमेकांचे जीव घेतल्यावर इतका रीतसर निरोप! १५३४ ते १७३९ म्हणजे दोनशे पाच वर्षांची नेमणूक, ही मात्र जरा अतीच झाली. आमच्या खात्यात तीन वर्षांवर महिनाभर जास्त मागितला तरी फाइल दिल्लीला जाते.

नेण्याजोगं सामान म्हणजे काय, हा प्रश्न त्या पोर्तुगीज बायकांनाही पडला असणार. शिसवी पलंग न्यावा की चिनी मातीची भांडी? पाऊस तोंडावर, गलबतात जागा मोजकी. घंटा राहिल्याच. चर्चच्या त्या घंटा मराठ्यांनी उतरवल्या आणि आज त्या नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशा ठिकठिकाणी टांगलेल्या आहेत. वाटणी म्हणतात ती अशी. आमच्या कुकरचं काय घेऊन बसलात.

मला त्या तहातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं कलम. जे निघत नाहीत, मागे राहणार आहेत, त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक त्यात दिली होती. निरोपाच्या कागदावर राहणाऱ्यांचा उल्लेख! राजनैतिक शिष्टाचाराची जाडजूड पुस्तकं आमच्या ह्यांच्या कपाटात आहेत, त्यांत असं काही मला सापडलेलं नाही. त्या राहिलेल्यांचीच लेकरंबाळं आज आमच्या बांधापलीकडे राहतात आणि मला बाटली मसाला देतात.

जाता जाता सांगायला हवं की परराष्ट्र व्यवहाराच्या बाबतीत वसईची कीर्ती एकदम निर्मळ नाही. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो वसईचाच. त्यात पेशव्याने इतर सत्तांशी परस्पर व्यवहार करायचा हक्क इंग्रजांच्या हवाली केला. म्हणजे मराठ्यांचं परराष्ट्र खातं बंद पडलं ते आमच्या गावात, वर्षअखेरीला, हिशोब मिटवावा तसं. हे यांना मी भांडणाच्या वेळी ऐकवते.

आता वसईचा निरोप. सुट्टी संपवून आम्ही इथून निघतो तेव्हा पी. पी. सी. लिहायला कोपरा पुरणार नाही. निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज कुणाकडे तरी जेवण. प्रत्येक जेवणानंतर दारात अर्धा तास, अंगणात अर्धा तास, आणि फाटकाशी जो विषय निघतो तो तर आत बसून बोलायलाच हवा होता, इतका महत्त्वाचा. वाडीतल्या भाजीवाल्या काकू आपला ताणकाटा घेऊन येतात. त्याच्या आकड्याला बॅग लटकवली जाते, दोन पुतणे ती धरतात, काकू डोळे बारीक करून ‘साडेसव्वीस’ म्हणतात. तेवीस किलोंचा नियम त्यांना मान्य नसतो. ‘भाजीत कोण एवढं काटेकोर बघतं?’ मग अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलांची पुडी निघते, आत जाते, पुन्हा निघते. आगाशीची सुकेळी कधीच निघत नाहीत. राजेळी केळ्याला उन्हात वाळवून केलेला तो पदार्थ दिसायला फार बरा नाही, पण परदेशात एक सुकेळं दिलं की माणूस आपलाच. नैरोबीत आमच्या घरमालकीणबाईंनी तीन खाल्ली आणि नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला.

विमानतळावर जाणारी माणसं चार, सोडायला येणारी बारा. टेम्पो ट्रॅव्हलर करावीच लागते. हायवेला गाडी अडकली की सगळ्यांना एकदम उत्साह येतो, कारण विमान चुकलं तर आणखी एक जेवण. एका खेपेला माझ्या जुन्या लोकलच्या मैत्रिणी आल्या. त्यांचा कारभार वेगळा. दसऱ्याला डबा सजवणाऱ्या, कुणी निवृत्त झाली की बोरिवली ते वसई एवढ्या वेळात ओटी, साडी, बटाटेवडा आणि रडारड सगळं उरकणाऱ्या या बायका. त्यांनी विमानतळाच्या दारात एका दमात माझी ओटी भरली, फोटो काढला, आणि ‘चल, आमची सात चाळीसची जाईल’ म्हणून निघूनही गेल्या. मी दाराच्या बाहेरच होते. निघणारी मी आणि मागे राहिलेलीही मीच. एवढा नेटका निरोप मला कुठल्याच वकिलातीत मिळालेला नाही.

निरोप न घेता गेला तो फक्त ठाणे जिल्हा. आम्ही बाहेर असताना, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा झाला आणि आमचं घर जागचं न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. त्याआधी २००९ साली विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा जाऊन महानगरपालिका आली होती. आम्हाला लोक विचारतात, सारखं घर बदलून कंटाळा येत नाही का? घरी बसलेल्यांचा पत्ता तरी कुठे तोच राहिलाय!

आणि हल्ली जाणारी मैत्रीण धड जातही नाही. त्रिशूरची निघाली त्या सकाळी आम्ही गळ्यात गळे घालून रडलो. जिना उतरताना ती रडत होती, गाडीत बसताना रडत होती. तासाभरात तिचा मेसेज आला, ‘गॅस बंद केला का बघ.’ मग विमानतळावरच्या समोशाचा फोटो, खाली किंमत आणि तीन उद्गारचिन्हं. नव्या देशात पोचल्यावर तिथल्या नारळाचा फोटो, त्याखालीही किंमत. तेव्हापासून दिवसातून चार मेसेज. शेजारी राहत असताना ती एवढं बोलत नसे.

तरीही एक गोष्ट फोनवर होत नाही, आणि ती जाणाऱ्याला कळतच नाही. जाणाऱ्याला नवं घर लावायचं असतं, नवी शाळा शोधायची असते, ‘किती राहिलं?’ विचारत हिंडायचं असतं. राहणारीला संध्याकाळी समोरच्या खिडकीत दुसऱ्याच बाईचे पडदे बघावे लागतात. जाणारीने विकायला दिलेली गाडी राहणारीच विकते, तिच्या फ्रीजमधलं उरलेलं डोशाचं पीठ तीच संपवते, तिच्या कुंड्यांना पाणी घालते, आणि वर नव्या बाईला पहिला चहाही तिनेच करून द्यायचा. तबक मात्र जाणाऱ्याला! घड्याळ जाणाऱ्याला, हार, भाषण, ग्रुप फोटोत मधली खुर्ची, सगळं जाणाऱ्याला. राहणाऱ्याच्या हातात शिट्टी सैल झालेला कुकर. हा साफ अन्याय आहे.

म्हणून नैरोबीहून निघताना मी समारंभ उलटा केला. आम्ही निघणारे यजमान, आणि मागे राहणाऱ्या शेजारणींना शाल आणि नारळ. तिथे नारळ मिळतो, मॉस्कोत हे धाडस मी केलं नसतं. यांनी भाषण केलं आणि राहणाऱ्यांना सर्वोच्च आदराची ग्वाही दिली. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य जागेवर बसलं. बायका आधी हसल्या, मग एकदम सगळ्याच रडल्या, मग त्यांतल्या एकीने डोळे पुसत विचारलं, ‘मिक्सर कुणाला देणार आहेस?’ तो मी तिलाच दिला. आजींचा टोप तेवढा कुणाला दिला नाही. तो आता विरारला माझ्या स्वयंपाकघरात आहे. नाव ओळखीचं वाटलं तर नातवंडांनी येऊन घेऊन जावा.

वसईच्या माणसांना मात्र एक हात जोडून सांगणं आहे. तुमच्या गल्लीतलं कुणी परदेशी निघालं असेल तर लोणच्याची बरणी निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला नेऊन देऊ नका. बॅगा तोवर मोजून, बांधून, कुलूप लावून झालेल्या असतात. ती बरणी मागे राहणाऱ्या त्याच्या आईला द्या, आणि देताना तासभर तिच्याजवळ बसा.